पदराला लागलं न्हाय, की जॉब पास

मशीनखालचा लोखंडाचा भुगा सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी ढीग तेवढाच. आमच्या वर्कशॉपातल्या किश्शांचंही तसंच. एक सांगून हात झटकावा, तर पायाशी आणखी चार! आणि भुग्याचं मला विचारा, कारण पहिले सहा-सात महिने तो मीच झाडत होते.

वर्कशॉप बारामतीच्या इंडस्ट्रियल एरियात. पत्र्याची शेड, एक लेथ, एक मिलिंग, दोन ग्राइंडर आणि मालक तात्या. तात्या सुप्याकडचे. घरात मेंढरं होती, पोरपणी तात्यांनी लोकर कातरली, मग शिकून डाय-पंच, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवायला लागले. आम्ही वरकुट्याचे. ह्यांच्या नोकरीपायी बारामतीत खोली घेतली आणि मला तात्यांकडं झाडूचं काम लागलं.

त्या कामाची एकच अडचण. कामगार नऊला येणार, म्हणून झाडूवालीनं सहाला किल्ली घेऊन यायचं. माझी पिंकी सव्वा वर्षाची. मी निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची. उठल्यावर आधी दारापर्यंत जाऊन बघती, असं सासूबाई सांगायच्या.

* * *

एका सकाळी झाडता झाडता टेबलावरचा एक पंच उचलून बाजूला ठेवला, तर बोटाला कोपरा लागला. तात्या नुकतेच आले होते. मी म्हणाले, "तात्या, ह्यो कोपरा लागतोय हाताला."

आमचे टर्नर दत्तूभाऊ, इंदापूरचे, जिभेला हाड नसलेले. ते हसले, "वहिनी, ह्यो पंच हाय, पाळणा न्हाय!"

तात्यांनी अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्त!

"पाळणा न्हाय, दत्तोबा, पर इळाबी न्हाय," तात्या म्हणाले. "धार मेंढरं कातरायच्या कातरीला. पत्रा वाकवायच्या पंचाला न्हाय!"

मग त्यांनीच मला समजावलं. टूल स्टीलचा जॉब, म्हणजे घडवलेला नग, तयार झाला की भट्टीत लाल करून तेलात बुडवतात, म्हणजे तो कडक होतो. पण एखादा कोपरा टोकदार राहिला, तर नेमका तिथंच तडकतो. म्हणून कोपऱ्याला रेडियस मारायचा, म्हणजे बारीकशी गोलाई द्यायची. मागच्या ऑर्डरीतले तीन पंच असेच तडकून आले होते.

"पुण्याच्या कंपनीचे बारा पंच हायती," तात्या म्हणाले. "दत्तोबा मशीनवर करील, कोपरं तू घास. बाराच्या बारा पास झालं तर टेबल तुजं, नऊला यायचं. एक जरी नापास झाला, तर झाडू हाय तितंच हाय."

नऊला! म्हणजे पिंकी उठेल, चहात बिस्कीट बुडवून खाईल, वेणी घालून घेईल आणि मग मी निघेन. मी तिथंच पदर खोचला.

* * *

कोपऱ्यांचं एकदा डोक्यात बसलं की माणूस मोकळा राहत नाही. पिंकी तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती, आणि मला घरात जिकडंतिकडं कोपरेच दिसायला लागले. तात्यांना विचारून एक झिजलेली कानस घरी आणली. लोखंडी खाटेचे कोपरे घासले. पत्र्याच्या पेटीचे घासले. ओट्याच्या कडाप्प्याचा कोपरा घासला, स्टुलाचे चारही घासले.

शेजारीण बसायला आली, तर सासूबाई तिला सांगतात, "आता घरात चौकोनी म्हणून काडेपेटी तेवढी राह्यलीय. तीबी लपवून ठिवलीय म्या!"

* * *

त्या ऑर्डरीचा पहिलाच पंच दत्तूभाऊंनी तेलकट ड्रॉइंगवरून केला. लिहिलेलं होतं, रेडियस झिरो पॉइंट फाइव्ह, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पण झिरोवर अंगठ्याचा डाग आणि पॉइंटवर चहाचा थेंब. दत्तूभाऊंनी सरळ पाच मिलिमीटरचा रेडियस ठोकला! सगळे कोपरे गायब. जॉब असा गुळगुळीत, की हातात धरला तरी निसटावा.

मी ड्रॉइंग उजेडात धरलं. सातवीपर्यंतच शिकले, पण आमच्या मास्तरांनी दशांश चिन्ह छडीनं शिकवलं होतं. थेंबाखालचा ठिपका मला दिसला.

तात्यांनी जॉब उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "दत्तोबा, ह्यानं पत्रा वाकवायचा, का आंघूळ करायची?"

बदली दुसरा केला, पण तो पंच अजून शेडच्या नळावर आहे. नवीन माणूस आला की हात धुताना एकदा तरी साबण समजून तो हाताला चोळतोच!

* * *

रेडियस मोजायला गेज असतं, पत्र्याच्या बारीक पानांचा जुडगा. आमच्या जुडग्यातलं नेमकं अर्ध्याचं पान हरवलं होतं. नवीन यायला वेळ होता, आणि मला तर दम निघत नव्हता. मग मी माझी युक्ती काढली. सासूबाईंची जुनी जांभळी नायलॉनची साडी होती. तिचा तुकडा कोपऱ्यावरून हलका ओढायचा. धागा अडकला, तर अजून घासायचं. सरसर निघाला, तर झालं! पान आल्यावर मापलं, तर माप बरोबर. तात्या खूश. "पदराला लागलं न्हाय, की जॉब पास!" तेव्हापासून सगळेच माझ्याकडं तुकडा मागायला लागले.

पंधरा दिवसांनी दत्तूभाऊंची मंडळी इंदापूरहून पहिल्या एसटीनं थेट शेडमध्ये हजर. मुठीत जांभळा तुकडा.

"ह्यांच्या खिशात घावला! कुणाची हाय ही साडी?"

दत्तूभाऊ लेथच्या मागं सरकले. मी म्हणाले, "माझी हाय," आणि बोलून गेल्यावर कळलं काय बोलले ते! बाईचे डोळे असे झाले की मी दोन पावलं मागं सरकले.

तात्या उठले. आपल्या खिशातून जांभळा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मग मिलिंगवाल्यानं काढला. मग ग्राइंडरवाल्यानं. दारात चहाची किटली घेऊन आलेले म्हातारे चहावाले आबा, त्यांनीही काढला! ते त्यानं किटली धरत.

"आता बोला वहिनी," तात्या म्हणाले, "कुणाकुणासंगं भांडायचं?"

जाताना त्या बाईनं माझ्याकडून एक तुकडा मागून नेला. विळीच्या पाटाला बघते म्हणाली.

* * *

अकरा पंच झाले. बाराव्याच्या वेळी गावची जत्रा आली. पिंकीला कडेवर घेऊन, सासूबाईंना बरोबर घेऊन इंदापूरच्या गाडीत बसले. गाडी बारामतीबाहेर पडली आणि मला आठवलं. बाराव्याचा आतला डावा कोपरा! तो बघितला होता का?

सासूबाई म्हणाल्या, "तीनदा बघितला आसशील."

"चार येळा बघते. ह्यो तीनदाच बघितला!"

मी पिंकीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि गाडी थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "काय ताई, स्टोव्ह चालू राह्यला का?"

"न्हाय हो, कोपरा राह्यला!"

कंडक्टरनं घंटी ओढली, पण माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवतं.

शेडवर पोचले, तर सुट्टीच्या दिवशी दार उघडं. आत तात्या एकटेच, खिडकीपाशी. हातात बारावा पंच, जांभळा तुकडा त्याच डाव्या कोपऱ्यावर.

"तात्या, तुमी?"

"तुजा रोग मला लागला," तात्या म्हणाले. "कोपरा चांगला हाय. जा, पुढची गाडी घावंल."

* * *

बारा पंच भट्टीला गेले आणि परत आले. एकही तडकला नाही! आता राहिली कंपनीची तपासणी. पुण्याहून साहेब आले. टाय, कडक इस्त्री, उजव्या हातात चौकोनी खड्याची अंगठी. मोजून झालं, भिंगातून बघून झालं. मग त्यांनी विचारलं, "ह्या कडा इतक्या एकसारख्या कशा आल्या?"

तात्यांनी जांभळा तुकडा दाखवला. साहेब हसले. म्हणाले, "बघू तरी."

डाव्या हातात तुकडा धरून ते एकेका पंचावरून ओढत गेले. पहिला, सरसर. दुसरा, सरसर. मी मनात मोजत होते. अकरावाही निघाला. तेवढ्यात आबा चहा घेऊन आले. साहेबांनी डाव्या हातात कप घेतला, तुकडा उजव्या हातात घेतला आणि बाराव्यावरून ओढला.

टर्रर्र!

धागा हातभर निघाला. दत्तूभाऊंनी मान खाली घातली. मला शेडच्या कोपऱ्यातला झाडू दिसायला लागला, आणि दारापर्यंत जाऊन बघणारी पिंकी.

"एक नापास," साहेब म्हणाले.

मी पंच उचलला. अंगावरच्या साडीचा पदर घेतला आणि चारही कोपऱ्यांवरून फिरवला. चार वेळा. काही अडकलं नाही. मग साहेबांच्या हाताकडं बघितलं.

"साहेब, जरा अंगठी काढता का?"

साहेबांनी कप ठेवला, अंगठी काढली आणि तुकडा पुन्हा ओढला. सरसर निघाला! मी ती अंगठी उचलून नुसती पदराला टेकवली. खड्याच्या कोंदणात धागा अडकून अंगठी तिथंच लोंबायला लागली.

"साहेब," मी म्हणाले, "ह्याला रेडियस मारायचा राह्यलाय. बसा, पाच मिनटं लागतील."

साहेबांनी खुर्ची ओढली. मी बारीक कानस घेतली. मागं तात्यांचा आवाज आला, "दत्तोबा, उद्या सहाला किल्ली घिऊन तू ये. झाडू कोपऱ्यात हाय."