सरांची शहरी पोरं

शहरातल्या पोरांची जेवढी धास्ती बी.एड.ला विज्ञान-अध्यापन शिकवणाऱ्या आमच्या सरांना होती, तेवढी शहाद्याच्या उसात निघणाऱ्या बिबट्याचीही कुणाला नसेल. बिबट्या निदान माणूस दिसला की वाट बदलतो. शहरातलं पोरगं तास संपेपर्यंत समोर बसून असतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे बी.एस्सी. होऊन आलेलो. कुणी अक्कलकुव्याच्या डोंगरातलं, कुणी चिंचपाड्याचं, मी शहाद्याचीच. गावाकडे भरतीचा पत्ता नव्हता. त्यामुळे आम्हाला नोकरी मिळाली तर नाशिक-पुण्याच्या शाळेतच मिळेल, हे सरांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं आणि आम्हाला शहरासाठी घडवायला घेतलं.

घडवणं म्हणजे काय, तर कॉलेजच्या आवारात आमची घरची बोली, अहिराणी, बंद. पाठाच्या दिवशी सर स्वतः टाय लावून येत, खाली मात्र रोजच्याच सँडल. शहरात स्मार्टबोर्ड असतो म्हणून त्यांनी प्लायवूडचा एक बोर्ड पांढरा रंगवून घेतला होता. आम्ही त्याला बोट लावायचं आणि मागे उकिडवे बसलेले सर दोरीने वरून तक्ता सोडणार. मी एकदा मानवी हृदयासाठी बोट लावलं, तर बेडकाची पचनसंस्था खाली आली. वर्ग हसला. बोर्डामागून गंभीर आवाज आला, "नेटवर्क गेलंय. मॅडम, पुढे चला." आणि या सगळ्याला गुण होते! बी.एड.ची गंमतच अशी, की पाठाच्या वहीत विद्यार्थ्यांची उत्तरंसुद्धा आपणच आदल्या दिवशी लिहायची. पोरं नसली तरी पाठ उत्तम होतो.

सर खरे खुलायचे ते मागच्या बाकावर. आमच्या सराव-पाठाला ते आठवीतलं शहरी पोरगं व्हायचे. केसांना कलप लावलेला हा निवृत्तीला आलेला माणूस एक जुनी वही उघडून बसायचा आणि त्यातले प्रश्न फेकायचा. "मॅडम, तुम्ही असं का बोलता?" "मॅडम, तुम्ही चपला घालूनच शाळेत येता?" "तुमच्या गावात लाईट आहे का?" चिंचपाड्याचा आमचा एक मित्र शांतपणे म्हणाला, "लाईट आहे, फक्त वीज नसते." त्याचे दोन गुण गेले. एक मुलगी तर रडत बाहेर पळाली. सरांनी वहीत बघून "पहिल्या आठवड्यात असं होतं" एवढंच म्हटलं. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांच्या नकला करायचो. त्यात माझा हात कुणी धरत नव्हतं.

पुढे मला नाशिकच्या एका शाळेचं नमुना-पाठासाठी बोलावणं आलं. दोन शाळांनी आधीच परत पाठवलं होतं. ही तिसरी हुकली, तर शिकवणं सोडून मामाच्या मेडिकलवर बसायचं, असं घरात ठरलं होतं. सर न बोलावता सोबत निघाले. एसटीने धुळं सोडलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी अहिराणीत बोलले.

"मी बी गयथू नाशिकले. बावीस वरीसना व्हतू. आठ दिनमा परत उनू."

"का, सर?"

"वहीमाधला सगळा प्रश्न मालेच इचारेल शेत, बेटा."

म्हणजे वहीतले ते प्रश्न नाशिकच्या पोरांनी त्या आठ दिवसांत त्यांनाच विचारलेले होते. मला फार वाईट वाटलं, आणि केलेल्या नकलांची लाजही वाटली.

शाळेत आठवीचा वर्ग होता. पाठ होता घनतेचा. मी बोलताना दोनदा अडखळले, पण कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने माझी पिशवी ठेवायला आपलं दप्तर सरकवलं. माझ्या चपलांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. एका मुलाने विचारलं, संत्रं पाण्यावर तरंगतं, तर साल काढल्यावर बुडेल का? त्यावरून वर्गात असा वाद पेटला की घंटा झाली तरी कुणी उठेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जूनपासून या."

सर फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीत बसले होते. टाय तसाच, मांडीवर वही. नोकरी मिळाल्याचं सांगितलं, तर त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं.

"ते असू दे. पोरांनी काय विचारलं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस त्या आठ दिवसांतून अजून बाहेर आलेला नव्हता. माझ्याच्याने खरं बोलवलं नाही.

"सगळं विचारलं, सर. बोलणं, चपला, लाईट. वहीतलं एकही सोडलं नाही."

सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! वॉचमनकडे वळून ते म्हणाले, "देखा? पोरे आजून तशीच शेत!"

मला इथे आता तिसरं वर्ष आहे. सर निवृत्त झालेत. अधूनमधून त्यांचा फोन येतो, पोरं फार त्रास देतात का म्हणून विचारतात. फार देतात, सर, असं मी सांगते. माझ्या वर्गातली पोरं गुणी आहेत, आणि हे सरांना कधी कळू नये, असं मला मनापासून वाटतं.