एका दमात नाव

कोणी आपलं नाव सांगायला लागला की कोकिळाताई कान देऊन ऐकायच्या. बोरगाव मेघेच्या शाळेत त्या बावीस वर्षं कारकून. पोरांची नावं दाखलखारीज रजिस्टरात चढवण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे माणूस नाव कसं उच्चारतो यावरून त्याच्या घरची अर्धी हकीकत त्या ओळखायच्या. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये शाळेचं कोविड केंद्र झालं, बाकं व्हरांड्यात गेली, वर्गात खाटा आल्या, आणि ताईंनाही ड्युटीवर जुंपलं. काम तेच, नावं लिहायचं. फक्त सांगणारे आता खोकत होते.

रांग साठ-सत्तर जणांची आणि ऑक्सिमीटर दोन. त्यातला एक मनाला येईल तेव्हा चालायचा. मग चालणारा आधी कोणाच्या बोटाला लावायचा? जो जास्त आरडाओरडा करील त्याच्या, असा सगळा कारभार. ताईंना तो पटेना.

चौथ्या दिवशी त्यांना एक गंमत दिसली. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका एवढं जो एका दमात सांगतो, तो थोडा वेळ थांबू शकतो. गावापाशी येऊन ज्याला श्वास घ्यावा लागतो, त्याला आधी आत घ्यावं. 'मले पहिले पाहा' म्हणून ओरडणाऱ्यांच्या छातीत दम भरपूर होता. ताईंनी हे डॉक्टर मिहिरला सांगितलं. त्या तरुण डॉक्टरनं तीस जणांवर ताडून पाहिलं, बहुतेक जुळलं, आणि त्यानं ते डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं.

झालं, तिथून ते ट्विटरवर गेलं. नागपूरच्या कुणी पाठ थोपटली, पुण्याच्या कुणी पुरावा मागितला, आणि एक बुजुर्ग तर म्हणाले, आता दवाखाना कारकुनाच्या भरवशावर चालवता काय. दोन दिवस शिकलीसवरली मंडळी हमरीतुमरीवर आलेली. ताई चहाच्या वेळी मिहिरकडून एकेक ओळ वाचून घ्यायच्या. खोटं कशाला सांगायचं, ताई चांगल्याच फुशारल्या होत्या. त्यांनीच मग मिहिरला आणखी एक सूचना केली: आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तिथं अडतातच, ते अडणं धरू नका. मिहिरनं तेही ग्रुपवर टाकलं. विदर्भातले डॉक्टर हसले, पण सगळ्यांना पटलं.

गुरुवारी दुपारी रोहण्याहून देवकाबाई आली. गावात किराणा दुकान, सोबत लेक प्रफुल. ऑक्सिजनची एकच खाट उरलेली, आणि एका दांडग्या माणसाचे नातेवाईक त्या खाटेसाठी दार अडवून उभे. ताईंनी नाव विचारलं. "देवकाबाई," म्हातारी म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून थांबली. ताई हसल्या. म्हणाल्या, राहू द्या मावशी, लेकाले सांगू द्या. प्रफुलनं सगळं एका दमात सांगितलं. ताईंनी लिहून घेतलं आणि म्हातारीला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

पण ताईंचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जाऊ लागलं. नाव तर केव्हाच सांगून झालं, मग पदर अजून तोंडाशी कशाला? त्यांना राहवेना. रजिस्टर उघडं टाकून त्या उठल्या आणि म्हातारीजवळ जाऊन बसल्या.

"मावशी, आज घ्या त्यायचं नाव. कोणी आयकून नाई राह्यलं."

प्रफुलनं आपण होऊन तोंड फिरवलं. देवकाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"हिरा," म्हणाली. थांबली. खांदे वर गेले. "लाल."

लाज असती तर नावाच्या अलीकडेच थांबली असती. ही नावाच्या मधोमध थांबली होती. ताईंनी मिहिरला हाक मारली, यंत्र बोटाला लागलं, ऑक्सिजन शहात्तर. त्या दांडग्या माणसाचा ब्याण्णव होता. खाट देवकाबाईला मिळाली आणि ती जगली, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मिहिर ग्रुपवर लिहायला बसला. कोकिळाताईंनी पुन्हा एक जीव ओळखला, असं काहीतरी.

"तसं नोका लिहू, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "कोकिळा चुकली, असं लिहा. अन् हे बी लिहा, का याच्या आधी मी सतरा बाया अशाच बसवून ठेवल्या. लेकायनं नावं सांगितली, मी लिहून घेतली. कित्येक तर गोळ्या घेऊन घरी बी गेल्या."

ताईंनी त्या सतरा नावांपुढे खुणा करून ठेवल्याच होत्या, आणि पहिला नंबर लावलाही होता. पलीकडून कुणा मुलानं फोन उचलला. आई बरी हाय, म्हणाला, झोपून राह्यली.

"उठवा तिले," ताई म्हणाल्या. "मले तिच्याच तोंडून आयकाचं हाय."