अर्धा तास ऊन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, आणि क्रमाने सांगते — क्रम सोडला तर मधलं काहीतरी गाळेन, याची मला खात्री आहे.

माझी धाकटी बहीण कुसुम आणि तिचे यजमान पेठला शाळेत शिक्षक. तिकडचा पाऊस, ओल, जवळ डॉक्टर नाही — म्हणून त्यांची सव्वा वर्षाची मीनू दिवाळीनंतर नाशिकला माझ्याकडे ठेवली. कुसुम दर शनिवारी एसटीने यायची. मीनू उभी राहत नव्हती. पाय बाकदार, मनगटं जाड. डॉक्टरांनी मुडदूस सांगितला — हाडं मऊ राहतात तो — आणि माशाचं तेल लिहून दिलं. माझ्या सासूबाई ती बाटली घरात येऊ देईनात. डॉक्टर हसले. "मग फुकटातलं घ्या. रोज अर्धा तास कोवळं ऊन, उघड्या अंगावर. हाडांना तेच लागतं."

मी स्वयंपाकघराच्या दाराला तक्ता लावला. दूध, नाचणीची पेज, मालिश, ऊन. झालं की बरोबरची खूण. अशा गोष्टी मला जमतात. घरातले चेष्टा करतात आणि माझ्यावरच विसंबतात.

ऊन मी पाच दिवस दिलं.

का थांबवलं? मीनू गोरी होती — आमच्या माहेरात एकटीच. शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "तुझ्यासारखी करायचीय का गं तिला?" मला तीन स्थळांनी रंगावरून नाकारलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मीनूला दुपट्यात गुंडाळून आतच ठेवू लागले. खूण मात्र रोज केली. शनिवारी आल्या आल्या कुसुम आधी तो तक्ता वाचायची, आणि वाचून तिचा चेहरा निवळायचा.

संक्रांतीनंतर घरोघरी तापखोकल्याची साथ आली. आमच्याकडचे सगळे चार दिवसांत बरे होऊन उठले. मीनूला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तिच्या बरगड्या श्वासागणिक आत जायच्या — इतक्या मऊ होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

ऊन मिळालं असतं तर वाचली असती? मला माहीत नाही. कुणालाच सांगता यायचं नाही. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

काही दिवसांनी कुसुम, तिचे यजमान आणि मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, ऊन देत होता ना? कुसुमने माझ्या दारावरून काढून घेतलेला तक्ता पर्समधून काढला. डॉक्टरांनी खुणांवरून बोट फिरवलं. इतकं ऊन मिळूनही हाडं अशी राहिली, म्हणजे दोष रक्तातला असू शकतो, म्हणाले. काही घराण्यांत असतो. दुसऱ्या मुलाचा विचार जपून करा.

मी शेजारच्या खुर्चीत होते. एक वाक्य पुरे होतं. नाही बोलले.

पुढे कुसुमच्या सासूने तिला चारचौघांत विचारलं, "तुमच्याकडे कोण होतं गं फेंगडं?" हे तिने मला रडत सांगितलं. तेव्हाही — नाही.

तीन वर्षांनी दिवाळीला ती आली होती. आम्ही दोघी करंज्या करत बसलो होतो. मान वर न करता म्हणाली, "ताई, वाटतं एकदा, होऊ द्यावं दुसरं. तू म्हणशील तसं करते."

तिच्या रक्तात दोष असल्याचा कसलाही पुरावा नव्हता, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं — दुसरं मूल धडधाकट निघालं, तर पहिलीचं असं कसं झालं, हे कुणीतरी विचारणार. एवढा सगळा विचार मी केला. घाबरून काहीतरी बोलून गेले, असं झालं नाही. हातातली करंजी पूर्ण मुडपली आणि म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना? कशाला विषाची परीक्षा घेतेस?"

तिने मान हलवली आणि पुढची पारी लाटायला घेतली.

कुसुम आता एक्केचाळीस वर्षांची आहे. पेठच्या शाळेत तिच्याकडे पहिलीचा वर्ग असतो. तिला मूल नाही.