एका मांडीचं पारायण

यंदाच्या चैत्रात, गावच्या सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, माझे मामा पारायणाच्या रांगेतून उठले आणि त्यांचं डावं पाऊल घोट्यातून वर उचलेना. गाव चारठाण्याजवळचं.

सप्ताभर मामा रोज सकाळी पोथीसमोर बसले होते. खाली सिमेंटचा ओटा, वर पातळ सतरंजी. इतर वाचक मधूनमधून मांडी बदलत. मामांनी बदलली नाही. शेजारच्यानं पाय मोकळा केला, की ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघत.

घरी येताना डाव्या पायातली चप्पल रस्त्यात गळाली. त्यांना कळलं नाही. मामी ती हातात घेऊन मागून आल्या.

"आवो, एकच पाय अनवानी? अर्धाच नवस बोलला व्हता का?"

गावानं लकवा ठरवला. औषधाला कुठं जायचं आणि कोणत्या वारी, हेही ठरवलं. मामांना चिंता पेरणीची होती. घरची बैलजोडी आहे, ट्रॅक्टरवाल्याच्या पेरणीवर त्यांचा विश्वास नाही, आणि ढेकळांतून तिफणीमागं चालायचं तर पाऊल उचलायला हवं. "पाय आसाच ऱ्हायला तर रान कोन पेरंल, भाचेराव?" असं ते मला फोनवर रोज विचारू लागले.

मी परभणीत बातमीदार आहे. मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ मीच घेतली.

डॉक्टरांनी मामांना हसायला लावलं, जीभ दाखवायला लावली, दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला लावली. मग गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला आणि डॉक्टरांच्या पोटापाशी जाऊन थांबला.

"म्या न्हाई मारली लात! देवाशप्पथ, साहेब."

"तुम्ही नाहीच मारली," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्याची खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेली. हुकूम तिथूनच परत आला. मेंदूला मागाहून कळलं."

"मंजी डोक्याला न इचारता काम करायची आंगातच सवय हाय," मामी म्हणाल्या.

चेहरा, जीभ, हात ठीक, म्हणजे मेंदू ठीक. लात बसली, म्हणजे मज्जारज्जूही ठीक. मग डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाच्या उंचवट्याजवळ बोट टेकवलं. पाऊल वर उचलायचा हुकूम नेणारा मज्जातंतू तिथं हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जातो. यंत्रावर विजेचे बारीक झटके देऊन तपासलं, तेव्हा संदेश नेमका त्याच जागी अडखळत होता.

"मुंग्या येत नव्हत्या का?"

"यायच्या की. मुंग्या कुनाला येत न्हाईत?"

"मुंग्या आल्या की माणूस पाय हलवतो. तुम्ही त्या तंतूवर सप्ताभर बसलात. हा लकवा नाही."

"पुन्य करायला बसलो व्हतो, साहेब."

"पुन्य वर पोचलं आसंल," मामी म्हणाल्या. "पायालाच खबर पोचंना."

डॉक्टरांच्या मते तंतू तुटला नव्हता, त्याचं आवरण दबलं होतं. बहुतेक भरून येईल, पण वेळ लागेल. तोवर मांडी बंद, उकिडवं बसणं बंद.

मामा जेवायलाही खुर्चीवर बसू लागले. पारायणातले वाचक तब्येत विचारायला आले. ते समोर सतरंजीवर मांडी घालून बसले, आणि थोड्या थोड्या वेळानं एकेकानं सावकाश, मामांकडे बघत, मांडी बदलली. मामांनी मामींना चहा टाकायला सांगितला नाही.

वैशाख सरताना एका सकाळी पायाचा अंगठा हलला.

"माशी बसली आसंल," मामी म्हणाल्या. मग जवळ येऊन खाली बसल्या. "परत करा बरं."

मामांनी परत केला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पाऊल वर उचलायला सांगितलं, मग वरून हातानं दाबून धरलं आणि पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या वेळेलाही पाऊल वर आलं. त्यांनी शेतात जायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

सोयाबीनची पेरणी जूनअखेरीस झाली. तिफणीमागं मामा होते. ते रानाच्या टोकाला, धुऱ्याच्या बांधापर्यंत गेले, बैल वळवले आणि परत आले.