कोरं पान

चहाचा पेला खाली ठेवला की ते समोरच्यावर बोट रोखायचे. "तुमी कुठं होतात त्या टायमाला?"

मुरुडच्या बर्फाच्या कारखान्यात मी नवा लागलो, ते तिथले जुने कामगार; पहिल्याच दिवशी त्यांनी मला संशयित ठरवलं. मग मालकाला, मग पाववाल्यालाही. रहस्यकथांनी डोकं फिरलेला माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचा जरा जास्तच लाघवी होता.

पुढे कळलं, की त्यांना एक प्रश्न खराच विचारायचा होता. त्यांचा धाकटा भाऊ मासेमारीला गेला तो परतलाच नाही. आमच्याकडे बोट धक्क्याला लागली की आधी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोलतो. खलाशी तेवढंच बोलतात आणि गाव पुढे विचारत नाही. तांडेल म्हणाला, "पाय घसरला." बोटीवर भांडण झालं होतं, हे मात्र सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी लघुकादंबरी लिहिली. तिच्यात खून आहे, पुरावे आहेत, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवणारा गुप्तहेरही आहे. फक्त तो खुन्याचं नाव सांगत नाही. "आता तुमीच बोला," म्हणतो आणि पुढचं पान कोरं.

मुंबईच्या एका स्पर्धेतल्या परीक्षकांना रहस्यकथेशी केलेला हा खेळ फार आवडला. त्यांनी बक्षीस दिलं.

"खेळ कसला?" ते मला म्हणाले. "मला उत्तर पायजे. आये रोज विचारते."

सत्कार कोळीवाड्यातच झाला. शाल तांडेलाच्या हस्ते, पहिल्या रांगेत त्याच बोटीचे खलाशी. आमच्या लेखकाने माईक घेतला आणि एकेकाकडे पाहिलं. "पान कोरं हाय. आता तुमीच बोला."

मंडप टाळ्यांनी दणाणला. तांडेलही टाळ्या वाजवत होता. मला रडूच आलं.

त्यांच्या घरी आई जागी होती. "बोलला काय रं कोण?"

"न्हाय गो आये."

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. यंदा तापाचं निमित्त झालं आणि गेले.

किनाऱ्यावरच्या स्मशानात न्यायला तिरडी त्याच खलाशांनी उचलली. शेजारधर्मात आमची माणसं कमी पडत नाहीत. म्हातारी दार अडवून उभी राहिली. "तू होतास ना रं बोटीवर? आन् तू? आता तरी सांगा. दोन्ही पोरं गेली माजी."

खलाशांनी तिरडी खांद्यावर नीट केली. तांडेलाने तिला हाताला धरून अलगद बाजूला केलं.

"चला," तो म्हणाला, "भरतीच्या आत उरकूया."