जुना रिसीव्हर, नवा रिसीव्हर आणि जनाबाई

दुरुस्तीच्या दुकानात वस्तू येते, नीट होते, घरी जाते. तिच्याबरोबर आलेला किस्सा मात्र कोणीच परत नेत नाही! कल्याणच्या बाजारात दातेकाकांच्या दुकानात मी तीन वर्षं काम केलं. फळ्यांवर स्क्रू ठेवायला जागा नव्हती, किस्से मात्र मावत गेले.

मी तेव्हा नुकतीच जर्मनीहून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेले. तिथे लोक चांगले चालू टेप फुटपाथवर ठेवून देतात आणि कचऱ्याची गाडी ते उचलून नेते. ते बघून माझं डोकं फिरलेलं. घरी परत जायचं, जुनं दुरुस्त करायचं, नव्याचा मोह मोडून काढायचा! नव्वदचं दशक संपत आलेलं, घराघरात व्हीसीडी शिरत होती आणि मी मोह मोडायला कल्याणात बसलेले.

काका म्हणाले, "मोड की. आधी चहा घे."

*

पहिल्याच आठवड्यात शहाडचा एक जण आला. त्याला गाण्यांचा नवा सेट हवा होता, कारण त्यावर 'दोन हजार वॅट' असा सोनेरी स्टिकर होता. मी त्याला वीस मिनिटं समजावलं, की स्टिकरवरची ताकद वेगळी आणि खरी ताकद वेगळी. जुन्या जपानी सेटवर चाळीस लिहिलेलं असतं आणि तो चाळीस देतोच!

त्याने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, पण लिहिलंय ना?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, ते दोन हजार खरे असते ना, तर तू बटण दाबल्यावर शहाडपासून आंबिवलीपर्यंत लाईट गेली असती!"

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला.

"मग हाच द्या!"

*

जनाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी विकायच्या. एका दुपारी रिकामी टोपली काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "शेट, मना आवाजाची पेटी पायजे. नवऱ्यासाठी."

त्यांचा नवरा धर्मा नाखवा. तीस वर्षं इंजिनाची होडी चालवून कानाने गेलेला. टीव्हीवर काय बोलतात ते त्याला कळायचं नाही, मग जनाबाई प्रत्येक वाक्य ओरडून सांगायच्या. दोन महिने झाले, नाखव्याने टीव्हीसमोर बसणंच सोडलं. संध्याकाळ झाली की बाहेर जाऊन खाडीकडे बघत बसायचा.

"माज्याशी पन बोलत नाय," जनाबाई म्हणाल्या. "त्याला घरात आन, पोरी."

दुकानात दोन रिसीव्हर होते, टीव्हीचा आवाज मोठा करून स्पीकरना देणाऱ्या पेट्या. एक आखाती देशातून आलेला, वीस वर्षांचा, लाकडी पेटीतला, दोन स्पीकरवाला. दुसरा नवाकोरा, पाच स्पीकरवाला. मी अर्थातच जुन्यावर हात ठेवला. "मावशी, हा! मी स्वतः तपासलाय. नव्यासारखा आहे."

"झाकन काढ."

मी काढलं. जनाबाई वाकल्या, सुरमईचे कल्ले बघावेत तशी आत नजर फिरवली आणि नाक खुपसून वास घेतला.

"ह्यो एकदा जललाय."

मी भडकले. मीटर आणलं, आकडे दाखवले. काकांनी आतला बोर्ड उलटा केला. मागे रुपयाएवढा काळा डाग!

"जर्मनीत चार वर्षं शिकलीस," काका म्हणाले, "नाकाचा पेपर ऑप्शनला टाकलेलास काय?"

*

जळका भाग मी दुसऱ्या दिवशीच बदलला. आता सेट खरंच ठणठणीत होता, पण जनाबाईंना पटवायला पुरावा हवा होता. म्हणून डोंबिवलीचे परांजपे सर बोलावले. संगीतातले जाणकार, आणि माझ्याइतकेच जुन्याचे कट्टर!

दोन्ही सेट शेजारी मांडले, वरून चादर टाकली. दोन्हींना तेच स्पीकर जोडलेले. सरांना सांगितलं, कुठला वाजतोय ते आवाजावरून ओळखा.

सरांनी डोळे मिटले. "अहाहा! हा जुना. ऊब बघा! नव्या यंत्राला ही ऊब येणे नाही."

मी चादर काढली. नवा वाजत होता.

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. क्षणभर दोन्ही सेटकडे आळीपाळीने पाहिलं.

"साहजिक आहे," ते म्हणाले. "जुन्याच्या सहवासात सुधारलाय!"

*

शेवटी मी ठरवलं, नाखव्याचेच कान निकाल देतील. रविवारी दोन्ही सेट रिक्षात घातले आणि खाडीकाठी त्यांच्या घरी गेले. नाखवा ओटीवर जाळं विणत होता. जनाबाईंनी त्याला दंडाला धरून आत आणला.

आधी जुना टीव्हीला जोडला आणि पिक्चर लावला. गाणं असं वाजलं की गल्ली दारात गोळा झाली! मी जिंकल्यातच जमा. मग गाणं संपलं, हिरो बोलायला लागला आणि नाखव्याने बायकोकडे पाहिलं. जनाबाई सवयीने ओरडल्या, "त्यो बोलतो, बापाचं घर सोरून जातो!"

मी आवाज वाढवला. शेजारच्या घरात ताट पडलं.

"आवाज मोटा झाला," नाखवा म्हणाला, "बोलनं मोटं नाय झालं."

हे एक वाक्य शिकवायला माझ्या प्रोफेसरांनी अख्खं सेमिस्टर घेतलेलं!

मग नवा लावला. त्याचा मधला स्पीकर टीव्हीवर ठेवायचा, त्यातून माणसांचं बोलणं येतं. पुढच्या दोघांतून गाणी, मागच्या दोघांतून टाळ्या आणि घोड्यांच्या टापा. नाखव्याने कान पुढे केला.

"कललं?" जनाबाईंनी विचारलं.

"अर्धं. गान्याचं वाजाप मधी येतं."

निम्मं तर निम्मं. नवा सेट तिथेच राहिला. तत्त्व माझंच बरोबर होतं, गिऱ्हाईक अपवाद निघालं!

घराला चुना काढायचा होता, त्यामुळे स्पीकर मी लावले नाहीत. कुठला कुठे ठेवायचा ते समजावून निघाले. जनाबाईंनी एवढंच मागितलं, "वायर जास्त दे." काकांनी दुसऱ्या दिवशी अख्खं भेंडोळं पाठवलं.

*

आठ दिवसांनी बघायला गेले, तर वायरी खिडकीतून बाहेर पडून गल्लीभर गेलेल्या. एक वाळत घातलेल्या बोंबलांवरून, एक तुळशीला वळसा घालून.

नाखव्याला चार भाऊ, चौघांची घरं शेजारी. प्रत्येक घरात एक स्पीकर! थोरल्याकडे आणि दुसऱ्याकडे गाणी, तिसऱ्याकडे नुसत्या टाळ्या, धाकट्याकडे टापा. नाखव्याच्या घरात टीव्हीवरची मधली पेटी तेवढी उरलेली.

"मावशी, हे काय केलंत!"

"काय म्हंजे? जाल्यात गावलं तं आमी एकटी खातो काय? पाच पेट्या, पाच घरं."

मी कपाळावर हात मारला आणि पिशवीतून पक्कड काढली. वायरी कापून पुन्हा नीट जोडायच्या, दुसरा इलाज नव्हता. आत पिक्चर चालू होता, पेटीतून नुसतं बोलणं येत होतं आणि नाखवा समोर बसलेला. जनाबाईंनी दारातच माझं मनगट धरलं आणि सोडेचनात.

तेवढ्यात शेजारून धाकट्या जावेची हाक आली, "अवो भावजी, आमच्याकडं निसत्या टापा वाजतान! घोऱ्यावर कोन हाय?"

नाखव्याने टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"गप ऱ्हा गो जरा! ती रडते हाय. तिचं बोलनं होऊ दे."