टाचणीताईच्या पोलक्यावरची खूण

टाचणीताई तोंडात टाचण्या धरून बोलायची. ओठांत टाचण्या, हातात कापड आणि नजर समोरच्याच्या शिवणीवर. मुंबईहून कमर्शिअल आर्ट शिकून मी अलिबागेत परतलो, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दातांतूनच म्हणाली, "आर्टिस्ट, बुशशर्टाचा उजवा खांदा उतरलाय." मी कलावंत झाल्यावर गावाने केलेलं पहिलं स्वागत ते.

ती मूळची मुरुडची, माझ्याहून थोडी मोठी. मावशीकडे राहून शिवणक्लासला जायची. क्लासच्या बाईंनी तिला कोळीवाड्याच्या तोंडाशी एक खोली आणि क्लासचं मशीन दिलं होतं, पण अट घालून. शिमग्याची पोलकी शिवायला कोळणी आल्या तर मशीन तिच्याकडे राहणार. नाही आल्या तर मशीन क्लासला आणि ताई मुरुडला. "मला परत जायचं नाहीये," हे वाक्य मात्र तिने टाचण्या काढून उच्चारलं. म्हणून तिला दुकानावर पाटी हवी होती आणि पोलक्याच्या गळ्याला आतून भरायला एक खूण. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं, हे काम टाचणीताईचं.

काम सांगताना तिने माझ्यासमोर एक गुलाबी खोडरबर ठेवला. "आधी खोड, मग दाखव," हे तिचं नेहमीचं. खडूची पहिली रेघ पुसून दुसरी मारल्याशिवाय ती कात्री लावत नसे.

"ताई, खरा कलावंत रबर वापरत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही माझं मलाच उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

खूण काही सुचेना. शेवटी किनाऱ्यावर फिरताना वाळूत ओढलेली एक होडी दिसली. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पाठीला पाठ लावलेले दोन मासे आणि मध्ये एक चांदणी. काय रेषा होती! मी ती जशीच्या तशी उतरवली आणि रात्रंदिवस चिंतन केल्याचा चेहरा करून ताईपुढे ठेवली.

ताईला ती आवडली. तरी तिने विचारलं, "हे आधी कुणाचं नाही ना?"

"छे! माझ्या डोक्यातलं."

पाटी लागली. जनाबाय पहिली गिऱ्हाईक. तिने शिवलेलं पोलकं उलटं करून पाहिलं आणि तिच्या आवाजाने अख्खी आळी गोळा झाली.

"आगो ताय, यो मासा त वरच्या आळीच्या नाखवाच्या होरीवरचा हाय! मी का त्याची सून हाय, त्याची निशानी आंगावर घेवाला?"

वाडीतल्या प्रत्येक नाखवाच्या, म्हणजे होडीमालकाच्या, होडीची खूण वेगळी असते, घरोघरच्या बायका ती लांबून ओळखतात, हे किनाऱ्यावर शेंबडं पोरही जाणतं. मीही त्याच किनाऱ्यावर शेंबडा होतो. मुंबईत नाक पुसायला शिकलो, तेव्हा बाकीचंही पुसलं गेलं असावं.

मी मागच्या दाराकडे सरकलो. पण ताईने टाचण्या काढल्या आणि जनाबायला विचारलं, "तुझ्या होडीवर काय आहे?"

"नारलाचा झार."

"मग तुझ्या पोलक्यावर झाड. ज्या घरची बाई, त्या घरची खूण." मग माझ्याकडे वळली. "आर्टिस्ट, मागचं दार बंद आहे. वाडीतल्या सगळ्या होड्या उतरवून आण."

शिमग्यापर्यंत मी सुकटीच्या वासात, कुत्र्यांच्या पहाऱ्यात एकेका होडीपुढे उकिडवा बसलो. कोळणी टोपल्या घेऊन जाता-जाता म्हणत, "यो बघ, मासंचोर!" आणि लगेच, "आमचे होरीचा कवा कारतंस?" पोलकी इतकी आली की वरच्या आळीच्या नाखवीणबायनेही आपली शिवून घेतली, त्याच माशांची. मशीन राहिलं. पाटीवरचे मासे ताईने मलाच खरवडायला लावले. तिथे नुसती कोरी फळी उरली, आणि तीच दुकानाची खूण झाली.

पुढे मला मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत नोकरी लागली. निघताना ताईने एक बुशशर्ट हातात ठेवला. "तुझी होडी नाही, म्हणून काय भरावं कळेना," ती म्हणाली. गळ्यात आतून गुलाबी दोऱ्याचा एक चौकोन भरला होता. ठिगळ असेल असं समजून मी तो शर्ट बरेच दिवस वापरला. एकदा साहेबापुढे कुठूनशी उचललेली नवी खूण ठेवून, "माझ्या डोक्यातली," असं म्हणायला तोंड उघडलं, तोच मानेला ती शिवण टोचली आणि उलगडलं.

ताईने मला खोडरबर भरून दिला होता.

शर्ट केव्हाच विरला. खांदा मात्र शेवटपर्यंत उतरला नाही.